धुरकऱ्याची निवड

शंकरपटाला शेतातली बंडी कुणी नेत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. कापूस भरून जिनिंगला जाणारी जड बंडी घरी उभी राहते आणि धावपट्टीवर येतो तो हलकासा छकडा. जे जे काढता येण्यासारखं असतं ते ते काढून टाकलेलं असतं. धुरकरी तेवढा काढता येत नाही. गाडी जितकी हलकी, तितका धुरकरी पारखून घ्यावा लागतो. कारण जड बंडी चुकीचा हात सहन करते, हलका छकडा करत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मधल्या वर्षांत छकडे माळ्यावर पडून होते. असो. पटाचा विषय इथवरच.

मला बोलायचं आहे संगणकाविषयी, त्यातही संगणकावर खेळणाऱ्या पोरांविषयी. तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या बी.ए. माणसाचा या भानगडीत काय संबंध? संबंध आहे, आणि तो माझ्या दोन्ही भाषांशी आहे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगावा लागेल.

संगणकात एक यंत्र असतं आणि एक ते चालवणारी व्यवस्था, जिला आपण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो. पडदा, कळफलक, उंदीर म्हणजे माऊस, आवाजाचं कार्ड, छपाईचं यंत्र ही सगळी मंडळी वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेली असतात. त्यांची भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नाही आणि सिस्टीमची भाषा त्यांना कळत नाही. मधे एक दुभाषा लागतो. त्या छोट्या कार्यक्रमाला ड्रायव्हर म्हणतात. ज्याने यंत्र बनवलं, बहुधा त्यानेच तो लिहून दिलेला असतो.

या ड्रायव्हरचा मान मोठा असतो. एरवी कुठलाही कार्यक्रम संगणकात आला की तो पाहुण्यासारखा ओसरीवर बसतो. तो कोसळला तर तेवढा एकटा कोसळतो. ड्रायव्हर थेट माजघरात जातो, जिथे घराच्या किल्ल्या असतात. तो कोसळला की सगळं घर कोसळतं. निळा पडदा येतो, पांढरी अक्षरं येतात आणि तासाभराचं काम वाहून जातं. निळा पडदा आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला आहे. त्यामागे बरेचदा एखादा बेभरवशाचा ड्रायव्हर असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आयबीएमचा पहिला पीसी आला ऑगस्ट १९८१ मध्ये. त्याच्या प्रोसेसरला एकंदर १ एमबी स्मृती दिसत असे. त्यातले ६४० केबी कार्यक्रमांसाठी आणि उरलेले यंत्राच्या स्वतःच्या गरजांसाठी राखून ठेवलेले. त्या काळी ६४० केबी म्हणजे जहागीर वाटत होती. १९८३ साली डॉसची दुसरी आवृत्ती आली आणि तिने एक सोय केली. कॉन्फिग डॉट सिस नावाच्या साध्या फाइलमध्ये एकेक ओळ लिहून हवे ते ड्रायव्हर आपण स्वतः आत घेऊ शकत होतो. एक ओळ म्हणजे एक ड्रायव्हर. नको असेल तर ओळ खोडा. कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, हे मालकाच्या हातात आलं.

नव्वदच्या दशकात आपल्या भागात संगणकाचे वर्ग निघाले. दाराबाहेर चपला काढायच्या, आत वातानुकूलित खोली, यंत्रावर प्लास्टिकचं झाकण. शिकवणारे सर जेवायला गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू व्हायचा. तो खेळ गरीब होता, थोड्या जागेत भागवायचा. पुढचे खेळ तसे राहिले नाहीत. काहींना पावणेसहाशे-सहाशे केबी मोकळी जागा लागे, आणि ६४० पैकी डॉस स्वतः काही खाई, माऊसचा ड्रायव्हर काही खाई, सीडीचा ड्रायव्हर त्याहून जास्त खाई. शेवटी खेळ उघडला की पडद्यावर उत्तर यायचं, स्मृती पुरत नाही.

मग पोरांनी वहीत हिशेब मांडायला सुरुवात केली. हा खेळ कळफलकावर चालतो, म्हणजे माऊस नको. हा सीडीवरून चालत नाही, म्हणजे सीडीचा ड्रायव्हर नको. छपाई तर नकोच. आवाज मात्र हवा. १९९१ च्या डॉस ५ मध्ये काही ड्रायव्हर ६४० केबीच्या वर, माळ्यावर चढवायची सोय झाली. त्यासाठी हायमेम आणि ईएमएम३८६ हे आणखी दोन ड्रायव्हर आधी आत घ्यावे लागत. जागा वाचवायला जागा खर्च करायची, असा तो व्यवहार. त्यातही काही खेळांना ईएमएम३८६ हवा असे आणि काहींना तो अजिबात खपत नसे. म्हणून प्रत्येक खेळासाठी एक फ्लॉपी तयार व्हायची. त्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केला की फक्त त्या खेळाला लागेल तेवढीच व्यवस्था उभी राहायची. खेळांच्या पुस्तिकांतसुद्धा अशी फ्लॉपी कशी करावी याची कृती छापलेली असे. आज ज्याला खेळासाठी सडपातळ केलेली सिस्टीम म्हणतात, तिचं मूळ या फ्लॉपीत आहे.

आवाजाचं प्रकरण वेगळंच होतं. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर हे कार्ड काढलं आणि ते इतकं पसरलं की दुसऱ्यांची कार्डंही 'आम्ही त्याच्यासारखेच' असं सांगून विकली जाऊ लागली. पण खेळाला सांगावं लागे की कार्ड कुठे बसलं आहे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. हे तीन आकडे त्या पिढीला तोंडपाठ असत. इंटरप्टचा आकडा दुसऱ्या कुठल्या यंत्राशी भिडला की खेळ गोठायचा. मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडते. बारावीत नापास झालेला मुलगाही त्या काळी आपल्या संगणकात कोण कुठे बसला आहे, हे नेमकं सांगू शकत होता. तसं सांगता येणारे आज इंजिनिअरिंग कॉलेजातही थोडे सापडतील.

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. तिने सांगितलं की यंत्र जोडा, आम्ही ते ओळखू. पण खेळ लिहिणारे तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि त्याला कारण होतं. १९९४ च्या नाताळात डिस्नेने 'लायन किंग'ची गोष्ट सांगणारी सीडी बाजारात आणली होती. ती विंडोजवर चालणारी होती. नेमके त्याच वेळी कॉम्पॅक कंपनीचे नवे संगणक अमेरिकेतल्या घराघरांत गेले होते आणि त्यांच्या पडद्याचा ड्रायव्हर त्या सीडीबरोबर कधी तपासलाच गेला नव्हता. नाताळच्या सकाळी मुलांनी भेट उघडली, सीडी घातली आणि संगणक कोसळला. आईबापांनी फोन करकरून डिस्नेला हैराण केलं. सिंहाचा छावा एका ड्रायव्हरपायी पडला! सप्टेंबर १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स काढलं. खेळ आणि ड्रायव्हर यांच्यात एक ठरलेला करार, असं त्याचं स्वरूप होतं. कॉन्फिग डॉट सिसची ओळ खोडणारा हात त्यानंतर हळूहळू मागे पडला.

याच सुमाराला त्रिमितीची कार्डं आली. पहिलं गाजलेलं कार्ड थ्रीडीएफएक्सचं व्हूडू, १९९६ सालचं. त्याची स्वतःची ग्लाइड नावाची भाषा होती. जे खेळ ती बोलत ते लोण्यासारखे चालत, बाकीच्यांना ती उपयोगाची नसे. २००० च्या अखेरीस या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली आणि ज्यांच्याकडे ती कार्डं होती ते वाऱ्यावर आले. नवे ड्रायव्हर कोण लिहिणार? ड्रायव्हर निवडणं म्हणजे तो लिहिणारी कंपनी निवडणं, हे तेव्हा पुष्कळांना कळलं.

ड्रायव्हर लबाडीही करतो. २००१ साली एटीआयचं रेडिऑन ८५०० हे कार्ड आलं. 'क्वेक ३' या खेळात ते फार वेगाने चाले. कुणीतरी खेळाच्या फाइलचं नाव 'क्वेक'ऐवजी 'क्वॅक' असं केलं. एवढंच केलं आणि वेग घसरला! ड्रायव्हर फाइलचं नाव ओळखून चित्राचा दर्जा गुपचूप कमी करत होता आणि परीक्षेत पहिला येत होता. दोन वर्षांनी तसल्याच परीक्षेत एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवरही बोट ठेवलं गेलं. तेव्हापासून नवा ड्रायव्हर आला म्हणजे चांगलाच आला, असं मानणं जाणत्यांनी सोडलं.

आता आपल्या गावात येऊ. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली आणि दोन-तीन वर्षांत अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांत पोचली. राजापेठ, राजकमल चौक, अकोल्यात जठारपेठ, टिळक रोड, जिथे पाहावं तिथे जोडलेले संगणक आणि तासावर चालणारे कॅफे. तासाला पंधरा-वीस रुपये. शाळा सुटली की तिथे 'काउंटर-स्ट्राइक' सुरू. आठ-दहा संगणक एकमेकांना तारेने जोडलेले, आणि भारनियमनाची वेळ सगळ्यांना पाठ. वीज जायच्या आत डाव संपवायचा, कारण बॅटरी तेवढी टिकत नसे.

या यंत्रांत १२८ एमबी स्मृती असे. एक्सपीला कमीत कमी ६४ लागे आणि १२८ बरी, असं कंपनीच सांगत होती. म्हणजे सिस्टीम बसली की खेळाला उरणार किती? वेगळं त्रिमितीचं कार्ड कुणाकडे नव्हतं; मदरबोर्डवरचंच इंटेलचं चित्रांकन आणि तेही त्याच स्मृतीतून आपला वाटा काढून घेणारं. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये तीन पर्याय असत: सॉफ्टवेअर, ओपनजीएल आणि डायरेक्ट थ्रीडी. कुठल्या यंत्रावर कुठला पर्याय चालेल हे ड्रायव्हर ठरवायचा. कॅफेतली पोरं पडदा ठीक असलेलं यंत्र पकडायला धावत, ते याच कारणाने.

अशा वेळी एनलाइट नावाचं एक अवजार आलं. एक्सपीची सीडी त्यात घालायची, नको ते काढून टाकायचं, हवे ते ड्रायव्हर आधीच मिसळायचे आणि आपली स्वतःची नवी सीडी भाजायची. ड्रायव्हर मिसळणं ही चैन नव्हती, गरज होती. नव्या साटा हार्ड डिस्क आल्या होत्या आणि एक्सपीच्या मूळ सीडीला पुष्कळ यंत्रांवर त्या दिसतच नसत. बसवताना एफ ६ ही कळ दाबायची आणि ड्रायव्हरची फ्लॉपी द्यायची, असा नियम होता. तोवर फ्लॉपीचा जमाना सरला होता. अकोल्यात भर उन्हात चालू फ्लॉपी ड्राइव्ह शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यापेक्षा ड्रायव्हर सीडीतच मिसळलेला बरा.

माझा भाचा तेव्हा या धंद्यात नुकताच शिरला होता. अकोल्यात संगणक दुरुस्त करायचा, अजूनही करतो. तो म्हणायचा, "मामू, काढाले अक्कल नाई लागत. काय ठेवाचं थे समजाले अक्कल लागते." पण सगळ्यांना तेवढी अक्कल कुठून असणार? एकाने भाजलेली सीडी दहा जणांकडे जाई. तिच्यावर स्केच पेनने 'एक्सपी लाइट' किंवा 'गेमिंग' एवढंच लिहिलेलं. कुणी भाजली, काय काढलं, कुठले ड्रायव्हर घातले, कुणाला पत्ता नसे. एक्सपी बिचारी बजावत असे की हा ड्रायव्हर तपासणीत उतरलेला नाही. खाली बटण असायचं, 'तरीही पुढे चला'. ते बटण आपल्याकडे जितकं दाबलं गेलं तितकं दुसरं क्वचितच दाबलं गेलं असेल.

आता माझा संबंध सांगतो. एक्सपीमध्ये मराठी आपोआप येत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश आणि भाषा असं एक चित्र होतं, त्यात भाषांचा कप्पा आणि त्या कप्प्यात दोन चौकटी. एक चीन-जपानच्या लिप्यांची. दुसरी 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' यांची. तिच्यावर खूण केली की देवनागरी यायची, मंगल हा टाइप यायचा, आणि त्याच खुणेने उर्दूसुद्धा यायची. मराठीला वेगळी चौकट नव्हती आणि उर्दूला वेगळी नव्हती. अमेरिकेतल्या कुणा अभियंत्याने माझ्या घरातल्या दोन्ही भाषा एकाच खुणेखाली ठेवल्या होत्या. घरात उर्दू बोलणारा आणि कागदावर मराठी लिहिणारा माणूस मी. मला त्या चौकटीचं फार अप्रूप वाटलं. त्या दोन्ही भाषांना मिळून डिस्कवर जागा किती लागत होती? साधारण १० एमबी. दोन-तीन गाणी मावतील एवढी.

आणि खेळासाठी सिस्टीम हलकी करताना सगळ्यात आधी जे जाई त्यात या भाषा असत. यादीत 'भाषा' असा एक गठ्ठाच होता. पोरं म्हणत, आपण इंग्रजीत खेळतो, भाषा कशाला हव्यात? खूण मारली, गठ्ठा गेला.

२००७ च्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकासाठी मी गझल दिली. भाच्याने ती अकोल्यात युनिकोडमध्ये टाइप केली आणि ई-मेलने अमरावतीच्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात पाठवली. त्या दुकानातल्या संगणकावर रात्री मालकाची मुलं खेळत असत आणि त्यांनी आठवड्यापूर्वीच त्यावर एक 'लाइट' सीडी चढवली होती. फाइल उघडली तर पडद्यावर नुसते चौकोन. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. पण अठरा ओळी चौकोन म्हणजे काय, याची कल्पना करा. दुसरा टाइप लावून पाहिला तर अक्षरं आली, पण जोडाक्षरं फुटलेली, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे असायची ती उजवीकडे जाऊन बसलेली. काफिया कुठे आणि रदीफ कुठे, काही पत्ता लागेना.

दुकानदाराने चौकटीवर खूण केली. संगणकाने सीडी मागितली. हाताशी सीडी होती ती तीच, सडपातळ केलेली. तिच्यात त्या फाइली नव्हत्याच. बरं, दुकानाचं नेहमीचं मराठी सॉफ्टवेअर तरी चालावं? तेही बंद. त्या काळी अशा सॉफ्टवेअरला एक कुलूप असे. संगणकाच्या मागे, छपाईच्या खाचेत लावायचं अंगठ्याएवढं यंत्र. ते लावलेलं असेल तरच मराठी टाइप उघडायचा, आणि त्या कुलपालाही स्वतःचा ड्रायव्हर लागायचा. तो नव्या सीडीबरोबर गेला होता. म्हणजे खेळाला जागा व्हावी म्हणून एका रात्रीत त्या यंत्रातून मराठी दोन्ही दारांनी बाहेर पडली होती, आणि उर्दू तिच्या सोबतीला. भाचा दुसऱ्या दिवशी बसने मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला आला. मूळ सीडी आणि कुलपाचा ड्रायव्हर घेऊन. गझल अंकात आली, पण शेवटच्या पानावर, जाहिरातीच्या शेजारी. पोरांचा खेळ मात्र तसाच वेगाने चालू राहिला, कारण त्या १० एमबीने त्यांचं काही अडलं नव्हतं. स्मृती खात होते ते आपोआप सुरू होणारे भलतेच कार्यक्रम.

खरं तर मराठी संगणकात आणायला केवढे कष्ट पडले होते! पुण्याच्या सी-डॅकने डॉसच्या काळात जिस्ट नावाचं एक वेगळं कार्डच बनवलं होतं. ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. इनस्क्रिप्ट कळफलक आला, पुढे युनिकोड, मग विंडोज २००० मध्ये भारतीय लिप्यांना थेट जागा. वीस वर्षांची मेहनत आणि काढायला एक खूण. विंडोज १० मध्येही मंगल हा टाइप मुळात न देता मागाहून उतरवून घ्यायच्या यादीत टाकला गेला. त्याच्या जागी निर्मला नावाचा दुसरा टाइप दिला, म्हणून अक्षरं दिसतात तरी.

एक्सपीनंतरचा इतिहास भराभर सांगतो. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली, तिने पडद्याच्या ड्रायव्हरची रचनाच बदलली आणि कंपन्यांची तारांबळ उडाली. २००८ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची आतली कागदपत्रं बाहेर आली. २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होती, असं त्यात होतं. मार्च २०१० मध्ये त्याच कंपनीने १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर काढला आणि लगेच मागे घेतला. त्याच्याने कार्डावरचा पंखा नीट फिरत नव्हता आणि कार्डं तापत होती. थंड देशातल्या माणसाला ही बातमी असेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे पंखा न फिरणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

गेल्या दहा वर्षांत एक नवाच धुरकरी आला आहे. तो यंत्र चालवत नाही, खेळणाऱ्यावर पाळत ठेवतो. २०२० साली आलेल्या 'व्हॅलोरंट' या खेळाबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी येतो. कुणी लबाडी करू नये म्हणून तो थेट माजघरात बसतो, आणि संगणक सुरू होतो तेव्हाच सुरू होतो, खेळ उघडा किंवा न उघडा. लबाडी थांबते हे खरं. पण किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या, हा प्रश्न उरतोच. त्याआधी २०१६ मध्ये कॅपकॉमला 'स्ट्रीट फायटर ५' बरोबर दिलेला असाच एक ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने आतलं दार कुणालाही उघडं राहत होतं. २०२२ मध्ये 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या पहारेकऱ्याचा ड्रायव्हर खंडणीखोरांनीच वापरला. ज्यांच्या संगणकावर तो खेळ कधी बसवलाच नव्हता तिथेही. ड्रायव्हरवर शिक्का खरा होता, म्हणून विंडोजने त्याला आत घेतलं.

आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांनाच आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल पोचली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. खेळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण कॅफेतली पोरं पंचवीस वर्षं जे सोसत होती ते त्या दिवशी विमान कंपन्यांनी सोसलं.

दुसरी वाटही आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर सिस्टीमच्या पोटातच असतात आणि ते लिहिलेले कसे आहेत हे कुणालाही वाचता येतं. या चळवळीच्या मुळाशीही एक ड्रायव्हरच आहे. १९८० च्या सुमाराला एमआयटीत झेरॉक्सचं एक छपाईयंत्र आलं. त्याचं सॉफ्टवेअर सुधारायला रिचर्ड स्टॉलमन यांना मूळ मजकूर मिळेना आणि तो राग पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत उतरला. २०१२ मध्ये लिनस तोरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियाला बोट दाखवून शिवी दिली. मे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा आतला काही भाग खुला केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आलं. त्यावर लिनक्सच आहे, खेळासाठी हलकं केलेलं, आणि विंडोजचे पुष्कळ खेळ त्यावर चालतात. 'व्हॅलोरंट' चालत नाही. त्याच्या पहारेकऱ्याला तिथलं माजघर मान्य नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, जे जुन्या यंत्रांत नाही. म्हणून आता पुन्हा तेच दिवस आले आहेत. भाच्याच्या दुकानात मुलं सात-आठ वर्षांचे संगणक घेऊन येतात आणि म्हणतात, काका, टायनी ११ टाकून द्या. पूर्वी सीडीवर स्केच पेनने लिहिलेलं असे, आता पेन ड्राइव्ह असतो, एवढाच फरक. भाचा अनोळखी पेन ड्राइव्ह यंत्राला लावत नाही. हलकी सिस्टीम तो स्वतः, मूळ प्रतीवरून करतो.

त्याची पद्धत मी शेजारी बसून पाहिली आहे. आधी मदरबोर्डचं नाव वाचतो. डिस्कचा आणि नेटवर्कचा ड्रायव्हर बोर्ड बनवणाऱ्याच्या जागेवरून घेतो. नेटवर्क आधी, कारण ते नसेल तर पुढचं काहीच उतरवता येत नाही. आवाजाला विंडोजचा साधा ड्रायव्हर पुरत असेल तर कंपनीचा घालत नाही. दिव्यांचे रंग बदलणारे आणि वेग दाखवणारे जे कार्यक्रम ड्रायव्हरच्या गठ्ठ्यात घुसवलेले असतात ते वगळतो. विंडोजचा स्वतःचा सुरक्षारक्षक काढत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो. भाषा काढत नाही. त्याबद्दल आता त्याला कुणी विचारतही नाही.

पडद्याच्या कार्डावर मात्र तो थांबतो. आपल्याकडे जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड फार आहे. जुनं पण कामाचं. एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. यापुढे फक्त सुरक्षेची डागडुजी, तीही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. मागच्या महिन्यात एक मुलगा तेच कार्ड घेऊन आला. भाच्याने त्याच्या खेळांची नावं विचारली, तीन वेगवेगळे ड्रायव्हर चढवून पाहिले, प्रत्येक वेळी आधीचा मुळापासून काढून. सगळ्यात नवा त्याने नाकारला, दीड वर्षापूर्वीचा ठेवला. मग तो ड्रायव्हर एका पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावर चिकटपट्टी लावली, कार्डाचं नाव आणि तारीख लिहिली आणि मुलाला म्हणाला, "हे घरी जपून ठेव. उद्या थे साइटवर भेटन का नाई, सांगता येत नाई."